विजेचा तोल : घरी बांधलेली बॅटरीची पेटी आणि तिची पारख

काट्याची दांडी, लोखंडी वजने आणि वहीवरची शाई एवढ्या साधनांवर ज्यांच्या वाडवडिलांनी जन्मभर व्यापार केला, त्या आम्हा धान्यव्यापाऱ्यांची पेढी आज विजेवाचून घटकाभरही चालत नाही. तोलकाटा विजेचा, हिशेब संगणकावर, पावती छापणारे यंत्र विजेचे, पोत्याचे तोंड शिवणारे यंत्रही विजेचेच. १४ एप्रिल २०१६ रोजी ई-नाम ही राष्ट्रीय कृषिबाजार योजना सुरू झाली, तेव्हापासून बाजारभाव पाहण्याची दृष्टीही फळ्यावरून पडद्यावर गेली. आगर रोडवरील आमच्या चिमनगंज मंडीत सोयाबीनचा हंगाम ऐन भरात असताना परतीचा पाऊस येतो, आणि पावसाबरोबर वीज जाते, हा अनुभव सभासद बंधूंना नवा नाही. अशा वेळी उपयोगी पडेल अशी, एका माणसाला उचलून नेता येईल इतकी लहान बॅटरीची पेटी घरी कशी बांधावी, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बांधल्यावर किंवा विकत घेतल्यावर ती कशी पारखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. परंतु मापाचे काम आम्ही पन्नास वर्षे केले आहे, आणि हा विषय अखेरीस मापाचाच आहे असे आमच्या प्रत्ययास आले. विद्युत्‌शास्त्राचा जो भाग आमच्या आवाक्याबाहेरचा होता, तो आमच्या अभियंता पुतण्याने समजावून दिला.

या विषयाकडे आम्ही वळलो त्याला एक निमित्त घडले. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या एका स्नेह्यांच्या पेढीवर सायंकाळी सोयाबीनचा तोल चालू असता वीज गेली. त्यांनी काही आठवड्यांपूर्वीच बाजारातून एक तयार पेटी आणली होती. तिच्या वेष्टनावर ‘१०० अँपिअर-तास’ असे ठळक अक्षरांत छापलेले असून विक्रेत्याने आठ तासांचा भरवसा दिला होता. पेटी चार तासही टिकली नाही. एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीतील निम्मा माल तोलला गेला असताना काट्याचा पडदा काळा झाला. वीज आल्यावर सगळा माल पुन्हा तोलावा लागला, आणि दोन्ही वेळच्या आकड्यांत थोडा फरक पडला. तो फरक उचल-ठेवीत सांडलेल्या मालाचा होता, हे पेढीवरील सर्वांना ठाऊक होते. पण त्या वृद्ध शेतकऱ्याने शांतपणे विचारले, “शेठजी, पहिलं वजन खरं की दुसरं?” त्यास उत्तर देणे आमच्या स्नेह्यांना फार जड गेले. पेटीचे पैसे गेले ते गेलेच. परंतु ज्या काट्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास तीन पिढ्या टिकला, त्या काट्याविषयी एका वेष्टनावरील आकड्यामुळे प्रश्न निघाला. असो.

त्या आकड्याचा अर्थ आधी समजून घेऊ. विजेच्या मापात तीन शब्द वारंवार येतात आणि व्यापाऱ्याला ते सहज कळण्यासारखे आहेत. कोणी म्हणाला, “माझ्याजवळ शंभर पोती गहू आहे,” तर आपण लागलीच विचारतो, पोते ५० किलोचे की १०० किलोचे? अँपिअर-तास म्हणजे पोत्यांची संख्या होय. व्होल्ट म्हणजे एका पोत्यातील माल होय. दोहोंचा गुणाकार केला म्हणजे एकंदर माल निघतो, त्यास वॅट-तास म्हणतात. एक हजार वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातील एक युनिट. आता ज्या पेटीत १२.८ व्होल्टच्या दाबाने १०० अँपिअर-तास भरले आहेत तिच्यात १,२८० वॅट-तास, म्हणजे सव्वा युनिटाहून किंचित अधिक वीज असते. पण एखाद्या धूर्ताने आतील एकेका घटाच्या ३.२ व्होल्टवर मोजून ‘१०० अँपिअर-तास’ लिहिले, तर तोच आकडा अवघ्या ३२० वॅट-तासांचा होतो. मोबाइल भरण्याच्या लहान डब्यांवर ‘२०,००० मिलिअँपिअर-तास’ असे लिहितात, त्यातही हीच गोम आहे. तो आकडा आतील ३.७ व्होल्टच्या घटाचा असतो. बाहेर ५ व्होल्टवर वीज देताना अँपिअर-तास त्या प्रमाणात उतरतात, आणि दाब बदलण्यात होणारी तूट निराळीच. म्हणून पेटी घेताना पोत्यांची संख्या विचारू नये, एकूण वजन विचारावे. वॅट-तास सांगण्यास जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याशी पुढे बोलण्याचे प्रयोजन नाही.

आता पेटीत कोणता घट घालावा? घराघरांतील इन्व्हर्टरखाली जी जड बॅटरी असते ती शिशाची. फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते यांनी ती १८५९ साली शोधून काढली, आणि पावणेदोनशे वर्षे होत आली तरी तिची सेवा चालू आहे. ती स्वस्त आहे, सोशीक आहे, आणि जुनी झाल्यावर तिच्या शिशाचे पैसे येतात. पण ती वाहून नेण्याची वस्तू नव्हे. १५० अँपिअर-तासांची नळीदार पट्ट्यांची बॅटरी आम्लासह सुमारे ५५ किलो भरते. शिवाय तिचे आयुष्य राखावयाचे तर रोज निम्म्याहून अधिक वीज तिच्यातून काढू नये, म्हणजे हाती येतात ९०० वॅट-तास. दुसरी जात लिथियम-लोह-फॉस्फेटाची. १९९७ साली टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या हाताखाली अक्षयकुमार पाढी व नंजुंडस्वामी या दोन भारतीय संशोधकांनी या पदार्थावरील निबंध प्रसिद्ध केला. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या जातीच्या १०० अँपिअर-तासांच्या घटाचे वजन सुमारे दोन किलो असते. असे चार घट ओळीने जोडले म्हणजे आठ किलोंत १,२८० वॅट-तास होतात, आणि त्यांपैकी ऐंशी टक्के, म्हणजे हजारावर वॅट-तास, निर्धास्तपणे वापरता येतात. ५५ किलोंचे काम ८ किलोंत होते, हे धान्याच्या व्यापाऱ्यास निराळे समजावून सांगावयास नको. मोबाइलमध्ये जे कोबाल्टयुक्त लिथियम घट असतात ते याहूनही हलके. परंतु तापले असता लवकर भडकतात. बारदान आणि धान्य यांच्या शेजारी ठेवावयाच्या वस्तूत हलकेपणापेक्षा थंड स्वभाव अधिक मोलाचा आहे असे आमचे मत आहे.

पेटी केवढी करावी हे गरजेवरून ठरवावे, हौसेवरून नव्हे. आम्ही पेढीवरील एकेक यंत्राचा वापर लिहून काढला. तोलकाटा १० वॅट, १० वॅटचे चार दिवे, संगणक ५० वॅट, इंटरनेटचे यंत्र १० वॅट, नव्या पद्धतीचा कमी वीज घेणारा पंखा ३० वॅट. एकूण १४० वॅट. चार तासांचे झाले ५६० वॅट-तास. पोती शिवण्याचे यंत्र १०० वॅट घेते, पण सगळा वेळ चालत नाही. ते अर्धा तास धरले, आणि पावत्यांच्या यंत्रासाठी २० वॅट-तास धरले. बेरीज ६३०. बॅटरीतील वीज घरच्या २३० व्होल्टच्या विजेत पालटताना इन्व्हर्टर स्वतःची हमाली कापून घेतो. शंभरास पंधरा धरावे. तेव्हा बॅटरीतून ७४१ वॅट-तास निघावे लागतात. ते तिच्या ऐंशी टक्क्यांत बसवावयाचे तर पेटी ९२६ वॅट-तासांची हवी. वर घट जुने होत जाणार त्याची तूट. म्हणून १,२८० ची पेटी आम्ही योग्य मानली. पुष्कळ लोक येथे एक हजार वॅटचा इन्व्हर्टर घेऊन मोठेपणा मिरवतात. मोठा इन्व्हर्टर रिकामा चालतानाही अधिक वीज खातो. आमच्या कामास शुद्ध लहरींचा ५०० वॅटचा पुरला. शुद्ध लहरींचा म्हणण्याचे कारण असे की स्वस्त चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर शिवणयंत्राची मोटर गुरगुरते व तापते.

बांधणीची हकीकत

घट घरी आल्यावर प्रथम त्यांचे बाह्यांग पाहावे. फुगलेला घट, टोकांवर पूर्वी काही जोडल्याच्या खुणा, खरवडलेला किंवा पुन्हा चिकटवलेला चिन्हांक, ही वापरलेला माल नवा म्हणून विकल्याची लक्षणे आहेत. मग मल्टीमीटरने प्रत्येकाचा दाब घ्यावा. चारही घट ३.२८ ते ३.३० व्होल्टच्या आसपास असले म्हणजे एकाच गोणीतील दाणे असावेत असे समजावे. एखादा तीनच्या खाली गेलेला असेल तर तो परत पाठवावा. त्याच्यावर दया करू नये.

ओळीने जोडण्यापूर्वी चारही घट समान पातळीवर आणावे लागतात. त्यासाठी ते आधी एकमेकांस समांतर, म्हणजे धनटोकाला धनटोक व ऋणटोकाला ऋणटोक असे जोडून, ३.६५ व्होल्टवर आगाऊ कायम केलेल्या पुरवठायंत्राने भरावे. आमच्या लहान यंत्राला एक अहोरात्राहून अधिक वेळ लागला. हे काम कंटाळवाणे आहे म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि पुढे पेटी लवकर बंद पडते म्हणून दैवाला दोष देतात. चार बैल जुंपलेल्या नांगराची चाल जशी सर्वांत मंद बैलाच्या चालीने ठरते, तशी चार घटांची पेटी सर्वांत आधी रिता होणाऱ्या घटापाशी थांबते. म्हणून चौघांनाही एकाच वेळी पोटभर खाऊ घालून जुंपावे.

नंतर घटांमध्ये तंतुकाचेच्या पातळ पट्ट्या घालून, चौघांना लाकडी चौकटीत घट्ट पण न चेपता बसवले, आणि तांब्याच्या पट्ट्यांनी ओळीने जोडले. घटाच्या टोकाचे आटे अॅल्युमिनियमचे व मऊ असतात. पाना जोराने फिरवला तर आटे जातात, सैल ठेवला तर सांधा तापतो. पाना धरण्याचा भाग सोडून बाकी सर्व चिकटपट्टीने गुंडाळावा. हातातील अंगठी, कडे, गळ्यातील साखळी उतरवून ठेवावी. दाब अवघा १३ व्होल्ट, त्याने झटका बसत नाही, म्हणून माणूस बेसावध होतो. परंतु पाना दोन टोकांवर आडवा पडला तर त्यातून हजारावर अँपिअर प्रवाह धावतो आणि सोन्याची अंगठी बोटावरच लाल होते. मुलांना या कामाजवळ बसू देऊ नये.

घटांवर बीएमएस नावाची रक्षक-पट्टी बसवतात. ती प्रत्येक घटावर निराळे लक्ष ठेवते. एखादा फार भरला, फार रिता झाला, किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला तर सर्व व्यवहार तोडते. पेढीवरील जागरूक मुनीमच म्हणाना! तिच्या पाच बारीक तारा क्रमाने जोडावयाच्या असतात. त्यांचे टोक पट्टीत खोचण्यापूर्वी आम्ही मीटरने पहिल्या तारेपासून पुढे मोजले. ३.३, ६.६, ९.९, १३.२ अशी चढण मिळाली तेव्हाच खोचले. क्रम चुकला तर पट्टी त्याच क्षणी जळते. धनटोकापासून वीतभर अंतराच्या आत ८० अँपिअरचा फ्यूज, तेथून १६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार इन्व्हर्टरपर्यंत, आणि मध्ये डीसी विजेसाठीच बनवलेला खटका. घरच्या पाटीवरील साधा एमसीबी येथे लावू नये. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. भरण्यासाठी १४.६ व्होल्टचा, १० अँपिअरचा, याच जातीच्या बॅटरीचा चार्जर घ्यावा. शिशाच्या बॅटरीचा चार्जर मधूनमधून दाब वाढवतो, तो या घटांना मानवत नाही.

एवढे सर्व एका पत्र्याच्या हवेशीर पेटीत बसले. इन्व्हर्टरसह तिचे वजन १४ किलो ६०० ग्रॅम भरले.

येथे एका गोष्टीवर थांबणे अवश्य आहे. पेटीचे निघणे थेट यंत्रांच्या प्लगला द्यावे. पेढीच्या किंवा घराच्या भिंतीवरील सॉकेटमध्ये उलटी तार खोचून सगळ्या घराला वीज देण्याची युक्ती काही लोक करतात, ती कदापि करू नये. मुख्य खटका चुकून चालू राहिला तर ती वीज मीटरमधून बाहेर, रस्त्यावरील तारेत जाते. रोहित्रातून उलट्या दिशेने जाताना तिचा दाब कित्येक पटींनी चढतो. लाइन बंद आहे या विश्वासाने जो कामगार भर पावसात खांबावर चढलेला असतो, त्याच्या जिवाशी हा खेळ आहे. शिवाय वीज परत येताच आपला इन्व्हर्टर जळतो, हा त्या मानाने क्षुल्लक तोटा. अशी उलटी तार ज्यांच्या दुकानी असेल त्यांनी हा अंक बाजूस ठेवून आधी ती कापून टाकावी.

धान्यव्यापाऱ्यास आणखी दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. त्या यंत्रांच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीत. पहिली धुळीची. धान्याची बारीक धूळ हवेत दाट पसरली असता ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चाळणीच्या व ओतणीच्या जागी पेटी ठेवू नये. दुसरी धुरीची. गोदामात किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवल्या म्हणजे हवेतील ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो. तो मनुष्यास प्राणघातक आहे हे सर्व जाणतातच; परंतु तो तांब्यालाही खातो, हे थोड्यांना ठाऊक असते. धुरीच्या दिवसांत आत राहिलेले काटे, संगणक, बॅटरीच्या रक्षक-पट्ट्या पुढे महिन्या-दोन महिन्यांनी विनाकारण बिघडतात, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते. धुरीपूर्वी पेटी गोदामाबाहेर काढावी, आणि गोदाम मोकळे, वाहते झाल्याशिवाय आत नेऊ नये. माळव्याच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. तेव्हा पत्र्याच्या छपराखाली भर दुपारी ती भरू नये, रात्री भरावी. जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकुलत्या दाराशीही तिची जागा नको.

पारख

आता मुख्य विषय. आपल्या काट्यावर कायद्याची देखरेख आहे. १९५६ च्या कायद्याने मण-शेर जाऊन किलो आला, आणि २००९ च्या वैधमापन कायद्याखाली आजही विजेच्या काट्याची दरवर्षी तपासणी होऊन त्यावर मुद्रा पडते. घरी बांधलेल्या पेटीवर अशी मुद्रा कोण मारणार? ती आपली आपणच मारावयाची. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत हीनाधिक-मानोन्मान, म्हणजे खोटे माप, आणि प्रतिरूपक-व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नकली खपवणे, हे दोन आहेत. बॅटरीच्या बाजारात आज हे दोन्ही हातात हात घालून चालतात, म्हणून केवळ हा उल्लेख केला.

सर्वांत सोपी पारख आपल्या हातचीच आहे. पेटी काट्यावर ठेवावी. लोह-फॉस्फेटाचे १०० अँपिअर-तासांचे चार घट सुमारे आठ किलोंचे, हे वर आलेच आहे. वर इन्व्हर्टर, तारा, पत्रा. आमच्या स्नेह्यांची ती तयार पेटी काट्यावर ठेवली तेव्हा सर्व मिळून ७ किलो ४०० ग्रॅम भरली! वेष्टनावर फॉस्फेट लिहिलेले, आकडा शंभरचा, आणि सबंध पेटीचे वजन नुसत्या घटांच्या वजनाहूनही कमी. पेटी न उघडता, एकही तार न जोडता निकाल लागला. मात्र उलट बाजूने ही पारख पुरी पडत नाही. वजन भरले म्हणजे माल भरला असे नव्हे. जुना, थकलेला घटही नव्याइतकाच जड असतो. दाण्याला आतून किडा लागला तर वजनात पडतो, घटाला लागला तर पडत नाही.

म्हणून दुसरी पारख रिती करून पाहण्याची. यासाठी आम्ही एका फळीवर मोटारगाडीचे १२ व्होल्टचे, ५५ वॅटचे चार दिवे बसवले. प्रत्येक दिवा पावणेपाच अँपिअरच्या आसपास घेतो. चार मिळून १९ च्या वर. पेटी पूर्ण भरून, दोन तास स्वस्थ ठेवून, इन्व्हर्टर बाजूस सारून दिवे थेट लावले. दर अर्ध्या तासाने वेळ, दाब आणि प्रवाह वहीत मांडला. आरंभी १३.२ व्होल्ट, दोन तासांनी १३.०, चार तासांनी १२.७, पावणेपाच तासांनी १२.२, नंतर दाब भराभर ओसरला, आणि चार तास पंचावन्न मिनिटांनी रक्षक-पट्टीने दिवे मालवले. एकूण ९४ अँपिअर-तास निघाले. नव्या घटांना चार-सहा वेळा भरल्या-रित्या झाल्यावाचून पूर्ण दम येत नाही, हे ध्यानी घेता हा निकाल समाधानाचा होय. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येक घटाचा दाब स्वतंत्र घेतला. तिसऱ्या क्रमांकाचा घट सर्वांत आधी अडीच व्होल्टला पोहोचला. तो आमचा मंद बैल. त्याच्यावर खडूने खूण करून ठेवली आहे. या चाचणीत दिवे फार तापतात, आणि पेटी सोडून जाता येत नाही. दुपारचे जेवण तेथेच मागवावे.

वरील आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते. चार तासांत दाब अवघा अर्धा व्होल्ट उतरला. शिशाच्या बॅटरीचा दाब उघड्या टोपल्यातील धान्यासारखा असतो. उपसले की पातळी खाली दिसते. हा घट मात्र तळाशी बोळे असलेल्या कणगीसारखा आहे. बोळ्यातून धार एकसारखी पडत राहते, आत किती उरले हे धारेवरून कळत नाही, आणि अकस्मात धार थांबते. म्हणून केवळ दाबावरून ‘७० टक्के शिल्लक’ असे सांगणाऱ्या स्वस्त पडद्यावर विश्वास ठेवू नये. आत गेलेल्या व बाहेर पडलेल्या अँपिअर-तासांची जमा-खर्ची ठेवणारे मीटर निराळे मिळते; ते बसवावे. रोजकीर्द लिहिणाऱ्याला त्याचे तत्त्व शिकवावे लागत नाही.

स्नेह्यांच्या पेटीचे निघणे बारीक असल्याने तिला दोनच दिवे लावले. पाच तास पन्नास मिनिटांत ती संपली. माप निघाले ५६. हे टिपण आम्ही त्यांना लिहून दिले. विक्रेत्याने प्रथम हात झटकले, पण तासावार मांडलेले कोष्टक आणि काट्यावरील वजनाची पावती पाहून अखेर रक्कम परत केली.

तिसरी पारख प्रत्यक्ष कामाची. आमच्या पेटीवर काटा, दिवे, संगणक, पंखा असा १४० वॅटचा भार ठेवून मधूनमधून पोती शिवली. शिवणयंत्राची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्या क्षणी काट्यावरील आकडा हलतो की काय हे पाहावयाचे होते. काट्यावर मुद्रांकित २० किलोचे वजन ठेवून वीस वेळा यंत्र चालू-बंद केले, आकडा स्थिर राहिला. पेटी सहा तास पन्नास मिनिटे चालली. अर्ध्या तासानंतर प्रत्येक सांध्याजवळ हाताचा उलटा तळवा, स्पर्श न करता, धरून पाहिला. जो सांधा ऊन लागतो तो सैल असतो. चौथी पारख धीराची. पेटी पूर्ण भरून पंधरा दिवस तशीच ठेवली व चारही घटांचे दाब पुन्हा घेतले. एखादा इतरांहून बराच खाली आला तर तो आतून गळका असतो. आमच्या चौघांत फरक हजारांश व्होल्टांचाच पडला. दोन टोके मुद्दाम जोडून रक्षक-पट्टी तोडते की नाही, हे पाहण्याचा मोह मात्र कोणी धरू नये.

खर्चाचा आकडा येथे देत नाही, कारण घटांचे भाव महिन्यागणिक बदलतात, रीत देतो. पेटीच्या किमतीस एका वेळी प्रत्यक्ष मिळणाऱ्या युनिटांनी, आणि ती किती वेळा भरता-रिती करता येईल त्या संख्येने भागावे. लोह-फॉस्फेटास दोन हजार वेळा धरल्यास अतिशयोक्ती होत नाही. शिशाच्या बॅटरीस तिच्या प्रतीप्रमाणे पाचशे ते पंधराशे. हा भागाकार करताना छापील नव्हे, मोजलेला आकडा घ्यावा. स्नेह्यांची पेटी छापील आकड्याने आमच्याहून स्वस्त होती. मोजलेल्या आकड्याने दीडपट महाग पडली. आणि वीज महिन्यातून दोनदाच जात असेल, पेटी हलवावयाची नसेल, तर शिशाची बॅटरीच बरी, असे आम्ही निःसंकोच सांगू. आयुष्य संपलेले घट भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांप्रमाणे ते इतर कचऱ्यापासून वेगळे ठेवून अधिकृत संकलकाकडेच द्यावयाचे असतात.

पेटी वापरात नसेल तेव्हा निम्मी भरून सावलीत ठेवावी, आणि दर तीन महिन्यांनी दाब पाहावा. वर्षातून एकदा, सोयाबीनची आवक सुरू होण्यापूर्वी भाद्रपदात, दिव्यांची चाचणी पुन्हा करून आकडा पेटीच्या झाकणावर तारखेसह लिहावा. आमच्या झाकणावर आजवर तीन आकडे पडले आहेत : ९४, ९६, ९५.

दिव्यांची ती फळी व मीटर आमच्या पेढीवर आहे. ज्या सभासदांस आपली पेटी तपासून घ्यावयाची असेल त्यांनी ती आदल्या रात्री पूर्ण भरून, सुटीच्या दिवशी सकाळी दहाच्या आत आणावी. वेष्टन व खरेदीची पावती बरोबर असावी. पाच-सहा तास लागतात, आणि त्या वेळात एका माणसाने पेटीशेजारी बसावे लागते.